मधली बरणी

शेवाळावरून पाय घसरतो, एवढंच लोकांना शेवाळाबद्दल माहीत असतं. मी त्यावर माझी ऐन उमेदीची वर्षं घातली. आता कोणी विचारलं, बाई, तुम्ही नेमकं करत काय होता, तर सांगायचाही कंटाळा येतो. समोरच्याच्या डोळ्यांत दुसऱ्या वाक्यालाच झोप दिसायला लागते. पण हे एकदा लिहून टाकायचं होतं, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रॅक्टिकलला मुलांच्या मागे उभं राहायचं, त्यांनी फोडलेल्या काचपट्ट्या गोळा करायच्या आणि कांद्याची साल सोलता न येणाऱ्या पोरांना ती सोलून द्यायची. नोकरी हंगामी. वर्ष संपलं की हातात कागद पडायचा, तुमची सेवा समाप्त. जूनमध्ये पुन्हा बोलावणं यायचं, आलं तर. दर मे महिन्यात मी बेकार असायचे आणि दर मे महिन्यात चाळीतल्या बायका आईला विचारायच्या, काय हो, मुलगी घरीच? घाटकोपरला हौसिंग बोर्डाच्या चाळीत मी आणि आई दोघीच राहायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईने मालवणहून येताना आणलेली भाषा मुंबईत एवढी वर्षं काढून जशीच्या तशी ठेवली होती. चाळीतल्या लोकांना ती निम्मी कळायची. तिला त्याचं काही नव्हतं.

प्रिन्सिपॉलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, एक पेपर छापून आणा, कायम करतो. पेपर म्हणजे संशोधनाचा लेख. बोलायला काय जातं! घाटकोपरहून साकीनाका, मरोळ करत बसने अंधेरी गाठायची, दिवसभर उभं राहायचं, परत तसंच यायचं, पाणी भरायचं, आणि उरलेल्या वेळात विज्ञानात भर घालायची.

आमच्या खात्याचे प्रमुख होते सर. माझे गाईडही तेच. बारीक अंगाचे, तोंडाने फटकळ, रिटायर व्हायला दोनेक वर्षं राहिलेली. सरांच्या नावावर एक जात होती. म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. वनस्पतीची नवी जात सापडली, तिचं रीतसर वर्णन छापलं, की तिच्या शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं. मग जगात कुठेही त्या जातीचा उल्लेख झाला की मागोमाग ते आडनाव येतं. सरांनी तरुणपणी माहुलच्या खाडीकाठच्या एका डबक्यातून शेवाळाची एक जात शोधली होती. पुढे त्या भागात तेलाचे कारखाने आले, डबकं बुजलं. पण पुस्तकात ती जात होती आणि तिच्यामागे सरांचं आडनाव होतं. त्यानंतर संसार, वेळापत्रकं, परीक्षा, कॉलेजच्या गॅदरिंगची कमिटी यांतच सगळं गेलं. दुसरी जात काही झाली नाही.

सर ते मिरवायचे नाहीत. पण दरवर्षी वरच्या वर्गाला शिकवताना शेवाळाचा तो गट आला की ते फळ्यावर त्या जातीचं नाव लिहायचे, आडनावापाशी येऊन जरा थांबायचे, आणि मग ते घाईघाईने बारीक अक्षरात लिहून टाकायचे. मुलं वाकून वाचायची, नि मग एकमेकांना ढोसायची. आपल्या सरांचं नाव पुस्तकात आहे! सर लगेच फळा पुसायचे.

सर मुलुंडला पूर्वेला राहायचे आणि त्यांच्या घराच्या पलीकडे मिठागरं सुरू व्हायची. हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे बांधाबांधाने फिरायचो. सर पुढे, मी हातात कापडी पिशवी आणि बाटल्या घेऊन मागे. खाडीचं पाणी चराने आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत सोडत दाट करायचं आणि शेवटी मीठ ओढायचं, असं तिथलं काम. आगरी बाया बांधावर बसून आमच्याकडे बघायच्या. एकीने मला विचारलंही होतं, "कनाला नेतंस गो तो शेवाल?" मी म्हटलं, कॉलेजात बघायला. ती म्हणाली, "नं आमी काय बगतों मंग रोज?" आणि सगळ्या हसल्या. त्यांचं बरोबरच होतं. आम्हाला पाहून कोणालाही हसू आलं असतं.

अशाच एका रविवारी मिठाच्या खाचरांआधीच्या दाट पाण्यात मला ते सापडलं. गडद हिरवं, न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखं. तशी जात आपल्या सगळ्या खाड्यांतून मिळते. लांब लांब पेशी, पातळ भिंती, अगदी सामान्य. पण हे मी सोमवारी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पेशी आखूड, जवळजवळ चौकोनी, आणि भिंती अशा जाड की आतला हिरवा भाग चिणून बसवल्यासारखा दिसत होता. सरांच्या माहुलच्या जातीच्या भिंतीही जाड होत्या. जाडी हेच तर तिचं वेगळेपण. पण ही तिच्याहूनही जाड, आणि पेशी तिच्याहूनही आखूड.

मी सरांना हाक मारली. त्यांनी बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझ्या माहुलच्या पोरीची बहीण दिसते ही." एवढं बोलून ते तासाला निघून गेले. पण त्या दिवसापासून ते बदलले. लवकर यायला लागले. स्वतःचा डबा विसरायला लागले. मी तरी दुसरं काय करत होते? मला त्या हिरव्या गुंत्यात माझं कायम झाल्याचं पत्र दिसत होतं. सरांना त्यात काय दिसत होतं, ते मी विचारलं नाही. दिसतच होतं.

नव्या जातीचं वर्णन लिहिणं म्हणजे काय दमवणूक असते, हे केल्याशिवाय कळत नाही. एकेका पेशीची लांबी मोजायची, रुंदी मोजायची, भिंत मोजायची, आणि हे इतक्या पेशींचं करायचं की डोळे मिटले तरी चौकोन दिसतात. सूक्ष्मदर्शकावर आरसा बसवून, एका डोळ्याने शेवाळ आणि दुसऱ्याने कागद बघत चित्र काढायचं. चित्र झालं की सर म्हणणार, ही फांदी जरा जास्त सुंदर काढलीस, खरी काढ. मग परत. मान अशी धरायची की बसमध्ये कंडक्टरकडे वळून बघता यायचं नाही.

आणि वर लॅटिन. तेव्हा नियमच होता, नव्या जातीचं थोडक्यात वर्णन लॅटिनमध्ये छापलं नाही तर ती जात धरलीच जात नाही. आता मी घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत शिकलेली. मला लॅटिन कुठून येणार? सरांनी जुन्या वर्णनांतून शब्द उचलून एक मसुदा केला आणि मला मरोळच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या फादरकडे पाठवलं. माहुलच्या वेळचं लॅटिनही सरांनी त्यांच्याकडूनच तपासून घेतलं होतं.

फादरांनी तो कागद खिडकीशी नेऊन वाचला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. मग पेन्सिल मागून घेतली आणि शब्दांची शेपटं दुरुस्त करत बसले. प्रार्थना नुकत्याच लोकांच्या भाषेत करायला लागले होते, त्याचं दुःख त्यांना फार होतं. "आता लॅटिन दोघांनाच पाहिजे," ते म्हणाले. "मला नि तुझ्या गवताला."

"गवत नाही फादर, शेवाळ."

"तेच ते. पण ही भिंत जाड आहे असं तू तीनदा का लिहिलंस? एकदा सांगितलं की देवालासुद्धा कळतं."

मी म्हटलं, फादर, तीच तर गोष्ट आहे. भिंत जाड नसेल तर आमच्याकडे काहीच नाही. त्यांनी मान हलवली आणि तिन्ही ठिकाणी जाड राहू दिलं.

मार्चअखेर लेख तयार झाला. जातीला नाव मुलुंडवरून दिलं आणि मागे आमची दोघांची आडनावं, सरांचं आधी, माझं नंतर. मला तेवढं पुष्कळ होतं. पण सरांना तो लगेच धाडायचा नव्हता. शेवाळ जिवंत ठेव, म्हणाले, त्याचे बीजाणू सुटताना एकदा बघू, आणि मग जूनमध्ये टपालात टाकू. मे महिन्यात लॅबला कुलूप लागायचं. म्हणून मी दोन बरण्या घरी आणल्या. लोणच्याच्या काचेच्या बरण्या, त्यात मिठागराचं पाणी आणि मुलुंडचं शेवाळ. एक झाकणाची होती. दुसरीचं झाकण फुटलं होतं, तिला मलमल बांधली. दोन्ही गॅलरीच्या कठड्यापाशी, आईच्या तुळशीच्या डब्याशेजारी ठेवल्या. आईला बजावलं, याला अजिबात हात लावायचा नाही. ती म्हणाली, "बरां." मग मी विद्यापीठाचे पेपर तपासायच्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं आणि महिनाभर बरण्यांकडे ढुंकून बघितलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाण्याची फार ओरड होती. चाळीच्या नळाला पहाटे धार यायची तीही करंगळीएवढी, आणि बायका हंडे घेऊन तासभर एकमेकींचा उद्धार करायच्या. आमच्याकडे भांडी राखेने घासून एका तपेल्यात विसळायची वेळ आली होती.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, माझं बोलावणं आलं, आणि मी बरण्या पिशवीत घालून बसने अंधेरीला नेल्या. आधी मलमलीची उघडली. एक पुंजका काचपट्टीवर घेतला, खाली वाकून बघितलं, आणि मला वाटलं मी चुकून दुसरंच काहीतरी आणलं. बुडाकडच्या पेशी आमच्या, आखूड आणि जाड. पण वर नव्याने फुटलेल्या फांद्या लांब लांब पेशींच्या, पातळ भिंतीच्या. कुठल्याही खाडीत मिळतं तसलं सामान्य शेवाळ. एकाच झाडावर! मी झाकणाची बरणी उघडली. त्यात सगळं होतं तसं, जाड ते जाड.

संध्याकाळी घरी गेल्यावर आईला विचारलं. तिने सरळ सांगितलं, "पाणी आटला हुता त्यातला. तुळशीक घालतंय, तसा तेकाव घालीत रवलंय रोज थोडा."

"तुला सांगितलं होतं ना गं, हात लावू नकोस म्हणून?"

"हात खय लावलंय? वरसून वतलंय."

पिण्याच्या हंड्यातलं पाणी. भांडी विसळायला पाणी नव्हतं त्या दिवसांत ती माउली रोज सकाळी तुळशीला घालून उरलेलं माझ्या शेवाळाला घालत होती. जीव आहे म्हणून. झाकणाच्या बरणीतलं पाणी आटलं नाही, म्हणून तिला तिची कीव आली नाही. मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिने तोवर माझ्यापुढे भाताचं ताट ठेवलं आणि मी जेवले.

जेवताना मला कळत होतं, वाट लागली आहे. दाट खाऱ्या पाण्यात हे शेवाळ भिंत जाड करतं आणि पाणी पातळ झालं की भिंत पातळ करतं, एवढाच याचा अर्थ. आमची मुलुंडची जात म्हणजे खाडीतलंच सामान्य शेवाळ, मिठात राहून निबर झालेलं. नवीनबिवीन काही नाही. हिवाळाभर मान मोडून मी निबरपणाची मापं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी बघितलं, मग उभे राहून मलाच दरडावलं. "जुन्या पेशी जाड असायच्याच. कोवळी फांदी पातळ असायचीच. यावरून काय सिद्ध होतं? काही नाही. आईने पाणी घातलं हा काय प्रयोग झाला?"

मी म्हटलं, नाही झाला. मग रीतसर करते. दोन बरण्या लावते. एकीत मिठागराइतकं खारट पाणी, दुसरीत अगदी मचूळ. दोन्हींत मुलुंडचंच शेवाळ. नवी वाढ बघू.

सर दाराकडे गेले होते. तिथून परत फिरले. काही वेळ टेबलावरच्या रिकाम्या बरण्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तीन लाव."

"तिसरी कशाला सर?"

"मधली. दोन्हींच्या मधोमध खारट. दोन टोकं बघून काय कळणार?"

मी तीन लावल्या. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. सर आहेत, नीट करायला सांगतायत, एवढंच. ते दाराशी का थांबले होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी माझ्या नोकरीचा विचार करत होते.

पावसाळाभर त्या तीन बरण्या लॅबच्या खिडकीत उभ्या होत्या. बाहेर सगळं हिरवंगार, आणि मी मिठाचं पाणी मोजून घालतेय. गणपती होऊन गेल्यावर एका शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, मी तिन्हींतली नवी वाढ काढली. खारट बरणीत जाड, आखूड, आमची मुलुंडची. मचूळ बरणीत पातळ, लांब, सामान्य. मग मधल्या बरणीतली पट्टी लावली. बघितलं आणि मोजायला घेतलं. थोडी मापं झाल्यावर पुढे मोजायची गरजच राहिली नाही. ही मापं मला पाठ होती. सरांच्या माहुलच्या जातीच्या वर्णनात हीच होती.

मधल्या बरणीत सरांची जात उगवली होती.

मी मागे वळले. सर मागच्या टेबलाशी बसले होते, घरी गेलेच नव्हते. त्यांनी विचारलं, "माहुल ना?"

मी हो म्हटलं. ते उठून आले नाहीत. सूक्ष्मदर्शकात बघायलाही आले नाहीत.

मी म्हटलं, "सर, आपण फक्त मुलुंडची मागे घेऊ. अजून छापली कुठे आहे? फाडून टाकू. माहुलला हात लावायची काय गरज? कोणी बघणार नाही. ते डबकंसुद्धा राहिलं नाही, तिथलं शेवाळ आणून कोण ताडून बघणार?"

"मग मधली बरणी का लावली?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी कशाला सांगितलं असेल?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि सरांनी आवाज चढवला नाही की मला जास्त भीती वाटायची. "निम्मं खरं लिहायचं असेल तर शाळेच्या मासिकात लिही. मुलुंड फाडून टाकलीस तर तुझ्याकडे छापायला काय उरतं? कपाळ? तिन्ही बरण्या लिही. माहुलची जात रद्द, सामान्य जातीत जमा. हा पेपर होतो."

मी रडायला लागले. मला सहसा रडू येत नाही, पण त्या दिवशी वर्षभराचा शीण एकदम अंगावर आला. म्हटलं, सर, निदान दोघांच्या नावाने देऊ. ते पहिल्यांदाच जरासे हसले. "स्वतःचं नाव स्वतः खोडायचं आणि वर लेखक म्हणूनही मिरवायचं? बरं दिसत नाही ते. तुझं एकटीचं दे."

दिवाळीच्या सुट्टीत मी ते लिहिलं. काय सोपं होतं! नवी जात सांगायला लॅटिन लागतं, चित्रं लागतात, फादर लागतात. जुनी जात रद्द करायला यातलं काही लागत नाही. मूळ नाव वर लिहायचं, त्याखाली ओळ जरा आत सरकवून रद्द झालेलं नाव आणि त्याच्या मालकाचं आडनाव. बस. सरांचं आडनाव मी टाइपरायटरवर बडवलं तेव्हा एक अक्षर चुकलं, म्हणून सगळं पान परत करावं लागलं. दुसऱ्यांदा ते बडवताना मला अगदी नको झालं. सरांनी लेख तपासला, एके ठिकाणी शब्दांचा क्रम बदलला आणि परत दिला. त्या वर्षी वरच्या वर्गाला तो गट शिकवायची पाळी आली तेव्हा सरांनी तो तास मला घ्यायला सांगितला.

लेख पुढच्या वर्षी छापून आला. प्रिन्सिपॉलांनी तो उघडूनही पाहिला नाही. नाव बघितलं, मासिकाचं कव्हर बघितलं, आणि शब्दाला जागले. मी कायम झाले. आईने चाळभर पेढे वाटले. चाळीतल्या बायकांना तिने सांगितलं, माझ्या चेडवाने शेवाळात कायतरी शोधून काढलां. मी तिला तिच्या हंड्यातल्या पाण्याचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आपण चांगलंच केलं. आणि ते खरंही होतं, आणि नव्हतंही.

त्याच वर्षअखेर सर रिटायर झाले. कॉलेजच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, सरांच्या पत्नी. हिरवी नऊवारी, केसांत गजरा, मुलुंडहून मुद्दाम आल्या होत्या. एरवी त्या कॉलेजात कधी यायच्या नाहीत. सरांना हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला. प्रिन्सिपॉल बोलायला उभे राहिले. ऑफिसातल्या फायलीत सरांची जुनी माहिती होती, तीच त्यांनी वाचून काढली. शिक्षण, नोकरी, किती वर्षं सेवा. आणि शेवटी आवाज लावून म्हणाले, आपल्या सरांच्या नावाची एक वनस्पती जगाच्या विज्ञानात आहे, आणि मंडळी, आपण सगळे जाऊ पण ते नाव राहील.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलांनी बाकं वाजवली. काकूंनी पदर सावरला आणि ताठ बसल्या. मी मागच्या रांगेत होते. मला वाटलं, सर, आज गप्प राहा. एक दिवस. कोणाचं काय जातंय?

सर उत्तराला उठले. आधी शिपायांचे आभार मानले, मग सहकाऱ्यांचे. मग म्हणाले, "प्रिन्सिपॉलसाहेबांची फाइल जुनी आहे. ती जात आता नाही. आमच्याच खात्यातल्या एका बाईंनी ती खोडली. बरोबर खोडली. तेव्हा मी जाताना कोरा जातोय."

हॉल खदखदून हसला. सर फटकळ आणि गमतीदार म्हणून प्रसिद्धच होते, लोकांना वाटलं हीही त्यांची गंमत. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त. प्रिन्सिपॉल हसून सरांच्या पाठीवर थाप मारायला लागले. सर खाली बसले आणि खांद्यावरची शाल नीट करत राहिले. सगळ्या हॉलमध्ये हसल्या नाहीत त्या आम्ही दोघीच, मी आणि काकू.

चहाच्या वेळी काकू मला शोधत बाहेर व्हरांड्यात आल्या. मला त्यांनी घरी पुष्कळदा पोहे खाऊ घातले होते, रविवारच्या मिठागरांनंतर. हळू आवाजात विचारलं, "हे खरं बोलले का गं?"

"हो काकू."

"कधीची गोष्ट?"

"दीडेक वर्ष झालं."

त्या म्हणाल्या, "मला बोलले नाहीत. आमचं ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी पगार विचारला, तर यांनी हे शेवाळाचं सांगितलं होतं. वडिलांना काही कळलं नाही. मला कळलं होतं. मी त्यावर हो म्हटलं होतं." मग विचारलं, "आणि त्या बाई म्हणजे तू?"

"हो."

"तुझं कायम झालं ना पण?"

"झालं, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या, असं मला वाटलं. मी पाया पडायला वाकले. त्यांनी माझे दोन्ही दंड धरून मला वाकूच दिलं नाही. "नको," म्हणाल्या. "पुन्हा कधीतरी पड. आज मला आशीर्वाद द्यायला जमणार नाही."

आणि सरांचा नारळ घ्यायला त्या आत निघून गेल्या.